योकास्ताच्या घरची शांतता

योकास्तानं हात वर केला आणि तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली.

गप्प बसली असती तर काही बिघडलं नसतं. वर्गात बाकीची मुलंही होतीच की. पण चित्रपटशाळेतला पहिलाच आठवडा, आणि नव्या सुनेला कसं वाटतं, घरातलं प्रत्येक भांडं आपणच घासायला पाहिजे, तसं तिचं झालं होतं.

एवारिस्तो मास्तर ध्वनी शिकवायचे. ते म्हणाले, "सिनेमावाल्यांचा एक रिवाज आहे. शूटिंग संपलं की सगळ्यांनी जागच्या जागी उभं राहायचं आणि त्या खोलीची शांतता मिनिटभर रेकॉर्ड करायची. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. दोन माणसांच्या बोलण्यामध्ये ती भरायची, नाहीतर ऐकणाऱ्याला मध्येच भोक पडल्यासारखं वाटतं. आपल्या सिनेमात झोपलेल्या बाळाचा प्रसंग आहे. त्या घरची शांतता कोण आणेल?"

वर्गात लेकुरवाळी ही एकटीच. हात वर.

"शाळेतल्या खोलीतही होईल," मास्तर म्हणाले.

"नको मास्तर. दुपारी माझी लेक झोपली ना, की आमच्या घरात मुंगी चालली तरी ऐकू येते."

(हे धादांत खोटं. पण तिला ते खरंच वाटत होतं. लिस्बेल झोपली की योकास्ता तिच्या नाकाशी कान लावून बसायची, पोरीचा श्वास चालू आहे ना म्हणून. तो ऐकण्यात बाकीचं जग तिला ऐकूच यायचं नाही.)

"मग उद्या सकाळी घेऊन ये," मास्तर म्हणाले. "पहिलं काम वेळेत आलं की तुझी जागा पक्की. नाहीतर बाहेर पुष्कळ जण वाट बघतायत. आणि एक लक्षात ठेव, कानावरचे हेडफोन काढायचे नाहीत. लाल दिवा फक्त यंत्र चालू आहे एवढंच सांगतो. आत काय जातंय, ते कानच सांगतात."

तिनं मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं?

जागा पक्की होणं हे तिच्यासाठी जेवणाइतकं गरजेचं होतं. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. सासूबाई शेंगा सोलत बसल्या असताना तिनं फोनवर एक चित्रण केलं, ते बघून शाळेनं तिला घेतलं होतं. पण घरी सासूबाईंनी, म्हणजे दोन्या तोमासिनांनी, आधीच बजावलं होतं, "आठवडाभर पोर सांभाळते. जागा पक्की झाली तर पुढचं पुढं. नाही झाली तर सिनेमा बंद, आणि सोमवारपासून फेलिपाच्या सलूनमध्ये बायकांची डोकी धुवायला जायचं."

फेलिपा म्हणजे शेजारीण. तिच्या सलूनमध्ये डोकी कमी धुतली जायची आणि कान जास्त भरले जायचे.

नवरा विल्किन मोटरसायकलवरून सवाऱ्या नेणारा. तो तिला यंत्रासकट घरी सोडायला निघाला. मागं बसल्या बसल्या योकास्ता पुटपुटत होती.

"काय म्हणालीस?" विल्किननं विचारलं.

"काही नाही. मनातल्या मनात प्रार्थना करतेय."

"तुझं मन फार मोठ्यानं बोलतं बाई! तिकडं ट्रकवाल्यानं वळून बघितलं."

घरी पोचल्यावर सासूबाईंनी पिशवीतला मायक्रोफोन बघितला. वारा लागू नये म्हणून त्याला करड्या केसांची टोपी घातलेली होती.

"हे मेलेलं मांजर माझ्या घरात कशाला आणलंस?"

"मायक्रोफोन आहे तो, आई. आज आपल्या घरची शांतता घ्यायचीय."

"आपल्या घरची? आणि ती कुठं ठेवलीय?"

प्रश्न रास्त होता. मायक्रोफोन जोडून हेडफोन कानावर चढवल्यावर योकास्ताला पहिल्यांदाच कळलं, आपण कुठं राहतो ते. कोंबडा आरवत होता. केळीवाल्याची गाडी भोंग्यातून "केळी, अंडी, रताळी" ओरडत होती. आणि कोपऱ्यावरच्या बिएन्वेच्या दुकानात बचाताची गाणी चालू होती. बिएन्वेचे ते दोन स्पीकर म्हणजे फ्रिजएवढे. त्याचं तांदूळ-तेल कमी आणि गाणं जास्त खपायचं.

सासूबाईंनी मदत केली नाही असं कुणी म्हणू नये. कोंबड्यावर टोपली घातली. केळीवाल्याकडून केळ्यांचा आख्खा घड घेऊन त्याला पुढच्या गल्लीत हाकलला. मग म्हणाल्या, "बिएन्वेचं तुझं तू बघ. माझं डोकं ठणकतंय." कपाळाला पाला बांधला, आतल्या खोलीत आडव्या झाल्या आणि माशा बसू नयेत म्हणून पायापासून डोक्यापर्यंत चादर ओढून घेतली.

लिस्बेल झोपली. योकास्ता चवड्यांवर धावत दुकानात गेली. पोरीला दात येत होते, त्यामुळं रात्रभर जागून योकास्ताचे डोळे लालभडक. केस विंचरलेले नाहीत. धुतलेला असा एकच कपडा शिल्लक होता, तो काळा. आणि बाळ निजवून आलेल्या बाईला पटकन मोठ्यानं बोलता येत नाही, म्हणून आवाज कुजबुजीचा.

"बिएन्वे, थोडा वेळ गाणं बंद करतोस का रे? आमच्या घरी…" इतकं बोलली आणि जांभई आली. ती तिनं ओठ आवळून दाबली, तर डोळ्यांत पाणी आलं.

बिएन्वेनं डोक्यावरची टोपी काढली. "बस, पोरी. पुढं बोलू नकोस."

आणि गाणं बंद केलं. दोन्ही स्पीकर.

"बर्फ पाठवू का?"

"बर्फ?" योकास्ताला वाटलं, उकाडा आहे म्हणून विचारतोय बिचारा. "पाठव. तेवढंच बरं."

किती समजूतदार माणूस, असं म्हणत ती घरी आली. आता त्या वस्तीत जन्मलेल्या बाईला हे कळायला नको होतं का, की बिएन्वेचं गाणं दोनच कारणांनी थांबतं? एक, लाईट गेली तर. दोन, कुणी गेलं तर. आणि लाईट तर होती. वस्तीत आवाज झाला तर कुणी ढुंकून बघत नाही. आवाज थांबला की मात्र सगळे दाराबाहेर येतात.

योकास्तानं हेडफोन चढवले, मायक्रोफोन धरला, आणि बटण दाबणार तोच दारात फेलिपा. हातात कॉफीची किटली, डोळ्यांना पदर… म्हणजे टॉवेल, सलूनमधला.

"काय गं हे, योकास्ता! कधी झालं?"

"परवाच कळलं," योकास्ता कुजबुजली. तिला वाटलं, शाळेबद्दलच विचारतेय.

"आणि आम्हाला पत्ता नाही! आधी काही लक्षण?"

"काही नाही. मला आशाच नव्हती."

"देवाची मर्जी. आता तुझं कसं होणार गं?"

"होईल की. आईंनी आठवडाभर बघते म्हटलंय."

फेलिपानं छातीवर क्रूस काढला. पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय, हे तिनं ओळखलं. मग हलकेच आतल्या खोलीचा पडदा सारला. आत दोन्या तोमासिना उताण्या, चादर डोक्यावरून. फेलिपानं पडदा सोडला, आणि पुढच्या पाच मिनिटांत अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या गेल्या.

बिस्किटं आली, चीज आलं, आल्याचा काढा आला. बिएन्वे स्वतः पोत्यात बर्फ घेऊन आला. ज्या घरात मिनिटभर शांतता हवी होती, तिथं आता अर्धी वस्ती बसून नाक शिंकरत होती. योकास्ता एकेकाच्या कानाशी जाऊन सांगत होती, "अहो, कुणी गेलेलं नाही! मला फक्त आवाज नकोय," आणि एकेक जण तिला छातीशी धरून म्हणत होता, "रड पोरी, रडून घे."

शेवटी ती रडकुंडीला आलीच. संध्याकाळी केळीवाला परत येणार, कोंबडा टोपली उलटवणार, आणि उद्या मास्तरांपुढं रिकाम्या हातानं उभं राहायचं! ती आत पळाली. "आई, उठा. बाहेर या आणि जिवंत आहे म्हणून सांगा."

चादरीतून एक हात बाहेर आला आणि त्यानं योकास्ताचं मनगट गच्च धरलं.

"श्श! ऐकू दे."

सासूबाई जाग्या होत्या. केव्हापासून, देव जाणे. पडद्यापलीकडून आवाज येत होते.

"तोमासिनासारखी घेवड्याची खीर कुणाला जमली नाही."

"साखर मागायला गेलं तर कधी नाही म्हणाली नाही बाई."

"जीभ तेवढी कोयता होती."

"पण खोटं बोलली नाही कधी."

सासूबाईंच्या पाल्याखालच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं होतं, जसं लिस्बेलच्या चेहऱ्यावर दूध पिऊन झाल्यावर पसरतं.

"आई, माझी शाळा…"

"दोन मिनिटं थांब गं. माणूस एकदाच मरतो."

तेवढ्यात बाहेर मोटरसायकल कोसळल्याचा आवाज झाला. विल्किनला स्टँडवर बातमी लागली होती. "मम्मी!" तो उंबऱ्यातच बसला. "सकाळी तू खरपूस भात वाढत होतीस आणि मी नको म्हणालो गं!"

"आत्ता आठवलं होय याला," सासूबाई पुटपुटल्या, पण डोळे त्यांचेही भरले होते. त्या आणखी थोडा वेळ मेलेल्या राहिल्या असत्या. काहीच हरकत नव्हती. पण फेलिपानं उसासा टाकला.

"तिची मोठी कढई माझ्याकडंच आहे अजून. ख्रिसमसला नेली होती. सारखी विचारायची, आणि मी म्हणायची, माझ्याकडं नाही. आता कोण विचारणार? राहू दे माझ्याकडंच, आठवण म्हणून."

चादर उडाली. पडदा उडाला. कपाळाला पाला, खांद्यावर पांढरी चादर, अनवाणी दोन्या तोमासिना अंगणात प्रकटल्या आणि गरजल्या, "फेलिपा! माझी कढई!"

आणि मग शांतता झाली.

अशी शांतता त्या वस्तीत कधी झाली नव्हती. बिएन्वेच्या हातातलं पोतं तसंच अधांतरी. फेलिपाचं तोंड उघडं, पण त्यातून काही येईना. विल्किन रडता रडता मध्येच थांबलेला. टोपलीखालचा कोंबडाही गप्प. सासूबाई एकेकाकडं रोखून बघत होत्या, आणि त्यांची नजर जिथं जाईल तिथला माणूस श्वास घ्यायचं विसरत होता.

दारात उभ्या योकास्ताच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. शांतता! तिनं यंत्र ओढलं, मायक्रोफोन पुढं केला, बटण दाबलं. लाल दिवा लागला. गडबडीत हेडफोन घसरून गळ्यात आले, पण ते वर करायला तिसरा हात कुठून आणायचा? तिनं डोळे त्या लाल दिव्यावर खिळवले. बोलू नका, तिचं मन म्हणत होतं. कुणी बोलू नका.

मिनिट भरलं. यंत्र बंद झालं. आणि आतून लिस्बेल झोपेतून उठून खदखदून हसली.

मग काय विचारता! विल्किननं आईला चादरीसकट उचललं. फेलिपा कढई आणायला अशी पळाली की सपाता मागं राहिल्या. बिएन्वेनं गाणं पुन्हा लावलं, पहिल्यापेक्षा मोठ्यानं. कॉफी झाली होती ती प्यायली गेली, बर्फ आला होता त्यात बाटल्या घातल्या गेल्या. योकास्ता पोरीला कडेवर घेऊन मधोमध नाचत होती आणि मनावरचं एवढं ओझं उतरलं होतं, की त्या दिवशी तिनं पोरीचा श्वास एकदाही तपासला नाही. (एकदा तपासला. पण नाचता नाचता.)

निजताना सासूबाई स्वतःहून म्हणाल्या, "खीर म्हणे कुणाला जमत नाही माझ्यासारखी. तुझ्या त्या शाळेपायी ऐकायला तरी मिळालं. जा तू. पोर माझ्याकडं."

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ग भरला. एवारिस्तो मास्तरांनी यंत्र मोठ्या स्पीकरला जोडलं आणि डोळे मिटले. योकास्ता पहिल्या बाकावर, नव्या नवरीसारखी ताठ.

शांतता सुरू झाली. खरंच, काय शांतता होती! दाट, घट्ट, साऱ्या अंगणानं श्वास रोखल्यासारखी. आणि त्या शांततेत, मायक्रोफोनच्या अगदी तोंडाशी, एक बाई सुरुवातीपासून शेवटपर्यंत न थांबता बोलत होती.

"आल्ताग्रासियामाते, कुणी बोलू नका, कुणी काही बोलू नका गं बाई, माते सांभाळ, फेलिपाचं तोंड बंद ठेव, कुणी बोलू नका, कुणी कुणी बोलू नका…"

योकास्ताला वाटलं, जमीन दुभंगावी. गेली जागा! सोमवारपासून डोकी धुवायची! मास्तरांनी डोळे उघडले. त्यांचे खांदे थरथरत होते. मग त्यांनी चष्मा काढला आणि डोळे पुसता पुसता हसायला लागले ते थांबेचनात. सगळा वर्ग त्यांच्यामागून हसायला लागला.

"हेडफोन कुठं होते?" शेवटी त्यांनी विचारलं.

"गळ्यात, मास्तर."

"हे असं काम माझ्याकडं कुणीच आणलं नव्हतं. वेळेत आणलंस, जागा पक्की. पण पोरी, सोमवारपासून तू कॅमेऱ्याकडं जा. ध्वनीच्या आसपाससुद्धा फिरकू नकोस."

ती घरापर्यंत जवळजवळ धावतच आली. जागा पक्की! सासूबाई दारात बसून परत मिळालेली कढई राखेनं घासत होत्या, शेजारी लिस्बेल झाकण वाजवत होती. योकास्तानं त्यांना सगळं सांगितलं, हसत हसत, एका श्वासात, मास्तरांच्या थरथरत्या खांद्यांसकट.

सासूबाईंनी कढई खाली ठेवली.

"कमाल आहे बाई तुझी," त्या म्हणाल्या. "मी मेलेली उठून आले तर आख्खी वस्ती गप्प बसली. कोंबडासुद्धा गप्प बसला. तुझं तोंड तेवढं नाही बंद झालं!"