गुंजी गाईची ओळखपरेड

महाराष्ट्रात आजवर तीन थोर गुप्तहेर झाले, असं जाणकार मानतात. त्यांतला पहिला मी. उरलेले दोन कोण, याचा तपास माझ्याचकडे आहे. सवड झाली की लावीन.

नाव तात्या टिपणीस, मुक्काम भिसेगाव, कर्जत. हयातभर मी विजेचे मीटर वाचले. हसा खुशाल. पण पोलिसाला घराची झडती घ्यायला कागद लागतो, मला नुसतं दारात उभं राहून "मीटर!" म्हणून ओरडलं की जिन्याखाली, माळ्यावर, देवघरामागे कुठेही बॅटरी मारायची मुभा असे. त्यातून जी नजर तयार झाली ती निवृत्तीनंतर वाया कशी घालवायची? आजवर माझ्या हातून एकही आरोपी सुटलेला नाही. सापडलेलाही नाही, असं आमच्या सौभाग्यवती पद्मजाबाई म्हणतात. पण संसारात इतकी अचूकता बरी नव्हे.

माझा मदतनीस हवालदार. म्हणजे कुत्रा. त्याचं नाक एवढं तिखट, की अख्ख्या भिसेगावात त्याला एकच माणूस सज्जन वाटतो, तो मी. बाकी आल्यागेल्या सगळ्यांवर तो भुंकतो आणि बहुधा बरोबरच असतो.

तर शुक्रवारी सकाळी लोधिवलीहून माझ्या भाचीचा, प्रणिताचा, फोन आला. आवाज रडवेला.

"तात्यामामा, मामी आहे?"

"अंघोळीला गेलीय. मी आहे ना."

"मग नंतर करते."

यावरून मी तत्काळ ताडलं, की प्रकरण गंभीर आहे आणि पोरीला संकोच वाटतोय. पिशवीत बॅटरी आणि भिंग टाकलं आणि चौकला जाणारी शेअरची इको गाडी पकडली.

प्रणिताची थोडी हकिगत सांगायला हवी. पोरीने नवी मुंबईतली एसीची नोकरी सोडली आणि सासरी येऊन गोठा मांडला. जावई बोटीवर असतात, म्हणजे घरातल्या सगळ्या भांडणांपासून समुद्राइतके लांब. घरी असतो तो धाकटा दीर, यज्ञेश. त्याला गोठा पाडून तिथे पोहण्याचा तलाव करायचा आहे. आमच्या भागात आधी लोकांनी शेतं विकून फार्महाऊस उठवली, आता तिथे येणाऱ्यांना कुठे शेत दिसत नाही म्हणून ते तक्रार करतात. त्यांना निदान पाण्यात तरी बुडवून ठेवावं, हा यज्ञेशचा धंद्याचा विचार.

शेवटी दीर-भावजयीत पैज लागली होती. रविवारी खालापूरला पशुप्रदर्शन. प्रणिताने आपली गुंजी गाय आयुष्यात पहिल्यांदा तिथे उभी करायची. गुंजी कोकण कपिला जातीची, अंगाने लहान, रंगाने तांबूस. परीक्षकांसमोर तिने वासराला पाजायचं, दूध द्यायचं. जमलं तर गोठा राहील. फजिती झाली तर सोमवारी जेसीबी.

पोरीने तयारीही तशीच केली होती. गुंजीला कासरा धरून अंगणात फेऱ्या मारायला शिकवल्या, खूर तासून घेतले, शिंगांना तेल लावलं. आणि गुरुवारी परदेशातल्या प्रदर्शनांचे व्हिडिओ बघून तिला न्हाऊ घातलं. स्ट्रॉबेरीच्या शांपूने. वर कंडिशनर. मग केस वाळवायच्या मशीनने वाळवून अंगावरून फणी. माझ्या लग्नात माझ्यावर एवढा खर्च झाला नव्हता.

आणि त्याच संध्याकाळी घात झाला. गुंजीचं वासरू, पेढा, पाजायला सोडलं. ते धावत आलं, आईला हुंगलं, सटकन शिंकलं आणि शेपूट वर करून पळालं. गुंजी हंबरत राहिली, पण ते काही फिरकेना. वासरू तोंड लावीना म्हणून गाईला पान्हा फुटेना. तेव्हापासून पेढा बाटलीवर आणि प्रणिता रडकुंडीला.

मी पोचलो तेव्हा भागूबाई, धार काढणारी, मांडी चोळत बसली होती. दोन दिवस ठाकुरवाडीला लेकीकडे जाऊन ती सकाळीच परतली होती आणि आल्या आल्या तिने गुंजीची लाथ खाल्ली होती.

"तात्या, मी सांगतंय, ही आपली गाय नाय," ती म्हणाली. "गुंजीनं मला कंदी पाय उचलला नाय. आन् हिचा रंग बगा! आपली गुंजी मातीवानी. ही तर तांब्याच्या हंड्यावानी चकाकतंय."

मी पिशवीतून भिंग काढलं. गाय बदलली होती!

मी घटनास्थळाची पाहणी केली. अंगणात खुरांचे ठसे होते. चार-चारच्या जोडीने. म्हणजे गाय स्वतःच्या पायांनी आली होती, तिला कुणी उचलून आणलेलं नव्हतं. मोरीत फेस वाळलेला दिसला. फेस पिसाळलेल्या जनावराच्या तोंडाला येतो, हे मी मनात टिपलं. आणि गोठ्यात एक उंची, गोडसर सुगंध दरवळत होता.

"आरोपी स्त्री आहे," मी जाहीर केलं. "शौकीन आहे. अत्तर लावून वावरते."

"मामा, तो शांपूचा वास आहे," प्रणिता म्हणाली. "मीच तर धुतली तिला."

"तू तुझ्या गाईला लावलास. आरोपीने आपल्या गाईला तोच लावला. संशय येऊ नये म्हणून. किती थंड डोक्याने केलंय बघ!"

"पण कानात बिल्ला तोच आहे. नंबरही तोच."

"तेच तर!" मी भिंग डोळ्याला लावलं. "नंबर चुकीचा असता तर मीही निर्धास्त झालो असतो. इतका बरोबर नंबर फक्त गुन्हेगारच ठेवतो."

प्रणिता माझ्याकडे बघतच राहिली. कौतुकाने माणूस असा अवाक होतो.

संशयित उघड होता. गुरुवारी न्हाऊन झाल्यावर गुंजी आंब्याखाली बांधलेली असताना प्रणिता नवऱ्याशी फोनवर बोलत होती आणि यज्ञेश टेप घेऊन गोठ्याची मापं काढत होता. मी त्याला गाठला.

"काल दुपारी एक गाय नेऊन दुसरी आणताना तुम्ही कुठे होतात?"

"तात्या, मला एक गाय जागची हलवता येत नाही, दोन कुठून हलवू?" तो मोबाईलमधून डोकंही वर न काढता म्हणाला. "आणि बदलायचीच तर मी म्हैस आणली असती. तिला पाणी तरी आवडतं."

उत्तर सहज होतं. अतिसहज. पण त्याच्या शर्टाला स्ट्रॉबेरीचा वास नव्हता, म्हणून मी नाइलाजाने त्याला सोडला.

मग मी दुसरा सिद्धांत मांडला. आमच्याकडे डोंगराच्या पायथ्याला सिनेमा-मालिकांचं शूटिंग चालतं. नायकाला डुप्लिकेट असतो तसा गाईलाही असणार. खरी गुंजी कॅमेऱ्यासमोर उभी असून तिची डुप्लिकेट इथे गव्हाणीत कडबा खातेय. भागूबाईला हे फार पटलं. "म्हंजे आपली गुंजी टीव्हीवर येल?" म्हणत तिने पदर सारखा केला.

दुपारच्या जेवणानंतर मला तिसरा सिद्धांत सुचला, तो सर्वांत खोल होता. गाय खरीच आहे, वासरू बदललंय! म्हणूनच ते आईला ओळखत नाही. मी पेढ्याची उलटतपासणी घेतली. त्याने माझ्या पिशवीचा बंद चघळला, पण तोंड उघडलं नाही. चहाच्या वेळी मला वाटू लागलं, की दोघंही बदललीत. पण मग दोघं एकमेकांना परकी आणि आपल्यालाही परकी, म्हणजे तक्रार कोणी कोणाची करायची, हा कायद्याचा पेच झाला आणि मी तो तूर्त बाजूला ठेवला.

"मामा," प्रणिता हळूच म्हणाली, "परवा प्रदर्शन आहे. पेढा प्यायला नाही, तर तिथे सगळे हसतील. आणि मग ही गुंजी विकावी लागेल. ठेवणार कुठे, तलावात?"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "उद्या ओळखपरेड घेऊ."

शनिवारी सकाळी शेजारच्या भिवाजीच्या दोन गाई मागून आणल्या. मधोमध गुंजी, म्हणजे गुंजी म्हणवणारी ती. माणसासमोर साक्षीदार बुजतो, म्हणून मी वेषांतर केलं. गोठ्यात खुंटीवर एक जुनं गोणपाट होतं. भागूबाई रोज त्यानेच गुंजीचं अंग पुसत असे. ते डोक्यावरून ओढून मी गव्हाणीशेजारी उकिडवा बसलो. तिथे मी आहे हे मलाही ओळखू येत नव्हतं.

पेढ्याला सोडलं.

तो आला. पहिल्या गाईला हुंगून पुढे गेला. गुंजीपाशी थांबला, तिने जीव तोडून "हम्मा" केलं, त्याने कान टवकारले, एक पाऊल टाकलं, हुंगलं, शिंकला, मागे आला. तिसरी गाय त्याने पाहिलीच नाही. मग नाक वर करून हवेत वास घेतला आणि तीरासारखा सुटला, तो थेट माझ्याकडे.

त्याने माझं कोपर तोंडात धरलं आणि चोखू लागला. कोपरातून काही येईना, तेव्हा त्याने वासरं देतात तशी एक जोरदार ढुशी दिली, नेमकी पोटात. कासेला ढुशी दिली की पान्हा फुटतो. माझ्या पोटातून फक्त "अगं आई गं!" फुटलं.

"बगा, त्याला पन पटलं," भागूबाई हसून लोळायची बाकी राहिली. "आय म्हनतंय!"

"प्रणिता, लिही," मी गोणपाटाखालून धापा टाकत म्हणालो, "साक्षीदाराने आपली आई म्हणून... मला ओळखलं आहे. प्रकरण वाटलं त्याहून गुंतागुंतीचं आहे."

"काही गुंतागुंतीचं नाहीये," फाटकातून आवाज आला.

पद्मजाबाई. प्रणिताने आदल्या रात्री शेवटी हवा तो फोन केलाच होता. एका हातात नारळाच्या वड्यांचा डबा, दुसऱ्याने पदर नाकाला. त्या सरळ गुंजीपाशी गेल्या आणि वाकून तिला हुंगलं.

"अगं बाई! ही गाय आहे की ब्यूटी पार्लर? प्रणिता, अगं आवाज आईचा आणि वास परक्या बाईचा. वासराने ओळखायचं कसं? आणि तिला स्वतःच्याच अंगाची किळस येत असेल, लाथा नाही मारणार तर काय करणार?"

"पण मामी, पेढा मामांकडे गेला."

"कारण ह्यांनी गुंजीचं गोणपाट पांघरलंय. आमचा अनुपम तान्हा असताना ह्यांनी एकदा मिशी काढली. आठवडाभर पोर ह्यांच्याकडे जाईना, बघितलं की भोकाड. मिशी वाढली तेव्हा बाप परत मिळाला." मग माझ्याकडे वळून, "उठा आता. द्या ते गोणपाट. पाजून झालं असेल तर."

मी म्हणालो, "माझा चौथा सिद्धांत साधारण हाच होता." कोणी ऐकलं नाही.

भागूबाईने गोणपाटाने गुंजीला खसाखसा पुसलं, गोठ्यातलं तुडवलेलं गवत पाठीवर चोळलं, कुशीला शेणाचा हात ओढला. तांब्याच्या हंड्याची पुन्हा माती झाली. प्रणिता हताशपणे बघत होती. गुरुवारची सगळी मेहनत आणि आख्खी शांपूची बाटली चिखलात चालली होती. मग पेढ्याला सोडलं. त्याने हुंगलं. शिंकला नाही. शेपटी उभी झाली, मुंडकं कासेखाली गेलं, आणि एवढ्या जोराची ढुशी बसली की गुंजीने मान वळवून त्याचं ढुंगण चाटायला घेतलं. पेढ्याच्या ओठांवरून दुधाचा फेस ओघळला. प्रणिता खाली बसून रडली. यावेळी मी पाठीवर हात ठेवला नाही. माझ्याच डोळ्यांत काहीतरी गेलं होतं. गवत असणार.

रविवारी खालापूरच्या मैदानात बाकीच्या गाई आरशासारख्या चकचकीत. आमची गुंजी कुशीवर शेणाचा पंजा घेऊन उभी. लोकांनी बोटं दाखवली, यज्ञेशने मोबाईल सज्ज ठेवला, फजिती चित्रित करायला. परीक्षक डॉक्टर जवळ आले.

"हिला धुतली नाही का?"

"धुतली होती," प्रणिता म्हणाली. "मग परत मळवली. बाळ ओळखत नव्हतं."

डॉक्टर हसले. पेढ्याला सोडलं, त्याने इकडेतिकडे न बघता तोंड लावलं, आणि भागूबाईची चरवी फेसाने भरली. गुंजी कोकण कपिला गटात पहिली आली. त्या गटात ती एकटीच होती, हे खरं आहे. पण पाजलं नसतं तर एकटीलाही नंबर दिला नसता, हे डॉक्टरांनी सर्वांसमोर सांगितलं, आणि मला तेवढं पुरे.

यज्ञेशलाही पुरलं. घरी पोचण्याआधीच त्याने पाटीचा मजकूर ठरवला होता: "प्रथम क्रमांक विजेत्या गाईसोबत फोटो काढा." गोठा राहिला. तलाव आता पलीकडे, त्याच्या स्वतःच्या खोलीच्या जागी होईल म्हणतात.

निरोप घेताना प्रणिता म्हणाली, "मामा, तुम्हाला फार गोठ्याचा वास येतोय. अंघोळ करून जा." मोरीत स्ट्रॉबेरीची दुसरी बाटली होती. थोडी उरली होती. कंडिशनरही. माणसाने स्वतःचेही लाड करावेत.

पद्मजाबाई आधीच परतल्या होत्या. मी दमून भिसेगावला पोचलो, फाटक उघडलं, आणि हवालदार माझ्यावर धावून आला. मी "अरे हवालदार, मी रे!" म्हणालो. त्याने आवाजाला एक कान टवकारला, मला हुंगलं, शिंकला आणि पुन्हा दात दाखवले.

दार किलकिलं झालं. पद्मजाबाईंनी बाहेर बघितलं, नाकाला पदर लावला.

"कोण हवंय?"

"अगं, मी!"

"असं सगळेच म्हणतात. ओळखपरेड घ्यावी लागेल." दार लागलं. थोड्या वेळाने खिडकीतून माझा धुवायला टाकलेला बनियन अंगणात येऊन पडला.

मी मुकाट्याने तो सदऱ्यावरून चढवला. हवालदारने शेपटी हलवली.