लॉइसचा कथलाचा पेला

"यंदा पहिलं हरीण माझंच! आणि तेही घरी ओतलेल्या गोळीनं!" डेलबर्टनं अख्ख्या गावाला सांगून टाकलं होतं. मोंटानाच्या डोंगरातलं गाव ते, अख्खं म्हटलं तरी दुकानात उभे असलेले चौघे. पण चौघांना सांगितलं की तिथे सगळ्यांना कळतं.

बायको गेल्यापासून, म्हणजे पुरतं एक वर्ष, त्यानं गॅरेजचं दार उघडलं नव्हतं. लॉइस होती तेव्हा हा गोळ्यांसाठी शिसं वितळवायचा आणि ती उलट्या बादलीवर बसून त्याच्या चुका काढायची. आता शिकारीचा हंगाम तोंडावर आला, तशी मन घट्ट करून स्वारी आत शिरली. लिव्हरवाली, चव्वेचाळीस मॅग्नमची रायफल पुसली. भट्टी पेटवली. नुसतं शिसं मऊ पडतं, साच्यातही नीट भरत नाही; त्यात थोडं कथील लागतं. ते हे गोळ्या ओतणारे लोक जुन्या सामानाच्या विक्रीतून उचलतात, कुणाच्या आजीची ताटली, कुणाचा मग, आणि बिनदिक्कत वितळवतात. बाकावर धुळीत एक काळपट पेला पडलेला होताच. डेलबर्टनं तो टाकला भांड्यात!

आणि काय गोळ्या निघाल्या म्हणता! चकचकीत, कोरीव कडांच्या, बरोब्बर शंभर! त्यातल्या विसांची काडतुसं भरून तो शेजारच्या रॉयसला देऊन आला. "लेका, जन्मात असं ओतलं नव्हतं मी!"

शुक्रवारी ओरेगनहून लेक आली, टेस. आईचं कपाट आवरायचं राहिलं होतं. दुपारी जेवताना म्हणाली, "बाबा, मला दुसरं काही नको. आईचा कॉफीचा पेला तेवढा द्या."

"कुठला गं?"

"कथलाचा. काठाला पोचा आलेला. दुसऱ्या कशातून कॉफी प्यायलीय का ती कधी?"

डेलबर्टचा काटा बटाट्यातच रुतून राहिला. पोचा! वितळताना त्याच बाजूनं तर पेला आधी कलला होता. त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं आणि ओळखलं नव्हतं! सदतीस वर्षं रोज सकाळी समोर असलेला पेला!

"असेल... असेल कुठेतरी. मी जरा रॉयसकडे जाऊन येतो."

"अर्धं ताट टाकून?"

"त्याला ताप आलाय!"

रॉयस घरामागच्या, नेमबाजीसाठी घातलेल्या मातीच्या बांधासमोर छान खुर्ची टाकून बसला होता.

"रॉयस! एकही गोळी झाडू नकोस!"

"झाडल्या की! वीसच्या वीस! काय नेम लागतोय रे..."

"अरे गाढवा, माझी लॉइस होती त्यात!"

रॉयसनं टोपी काढली. त्या मुलखात मेलेल्या शिकाऱ्याची राख काडतुसात भरायची हौसही असते काहींना, त्यामुळे बिचाऱ्याला खरंच वाटलं. "राख घातलीस? मग सांगायचं नाहीस? मी डब्यांवर झाडलं रे तिला! निदान एखादी प्रार्थना तरी म्हटली असती!"

"राख नाही रे! पेला! तिचा पेला!"

मग दोघं म्हातारे फावडं आणि पिठाची चाळण घेऊन बांधाला भिडले. त्या मातीत चाळीस वर्षांचं शिसं! दर चाळणीला वाद. "ही बघ लॉइस!" "डोंबल लॉइस, हे तुझ्या मेव्हण्याचं जुनं शिसं!" तासाभरात सहा चपटे, चकाकणारे तुकडे हाती लागले, आणि मागून आवाज आला, "रॉयसकाका, ताप कसाय?"

टेस! हातात सूपचं भांडं!

"ताप? हो हो, होता. आत्ताच उतरला," म्हणत रॉयसनं चाळण पाठीमागे लपवली.

डेलबर्टला आणखी खोटं सुचेना. त्यानं ओंजळ पुढे केली आणि सगळं सांगितलं.

टेसनं भांडं खाली ठेवून ओंजळीतला एक तुकडा उचलला. मग म्हणाली, "तो पेला ती बाकावर मुद्दाम विसरायची, बाबा. फोनवर हसत सांगायची मला. तो परत द्यायच्या निमित्तानं तरी हा माणूस वेळेवर घरात येतो, म्हणायची."

"त्या शेवटच्या दिवशी मी नाही आणला," डेलबर्ट म्हणाला. "मला वाटलं, उद्या नेईन." आणि तो तिथेच मातीत बसून लहान पोरासारखा रडला. रॉयसला कुठे बघावं कळेना, त्यानं सूप प्यायला घेतलं.

डोळे पुसून टेस म्हणाली, "मग पुन्हा वितळवा आणि पेला करा."

"माझ्याकडे साचा गोळीचाच आहे गं."

"मग गोळ्याच द्या. उरल्यात तेवढ्या सगळ्या. हे तुकडेही."

"सगळ्या? आणि उद्या शिकारीला आम्ही काय दगड मारायचे?" रॉयस कळवळला, पण त्याला कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेलबर्टनं कापडी पिशवी तिच्या गाडीत ठेवली. टेसनं सीटवरच ओतून मोजल्या. "बाबा, ऐंशी हव्यात. या एकोणऐंशीच आहेत."

"एखादी वाकडी निघाली असेल," डेलबर्ट दुसरीकडे बघत म्हणाला.

टेसनं त्याच्याकडे पाहिलं, पिशवीची नाडी ओढली आणि त्याला घट्ट मिठी मारली. त्यानंही मारली, पण एकाच हातानं. दुसरा काही केल्या खिशातून बाहेर आला नाही.