घूंऽऽ थांबलं की...

"अगं, पंख्याच्या आवाजावर बाळाला झोपवू नकोस. एकदा सवय लागली की सुटता सुटत नाही," असं सासूबाईंनी बजावलं होतं. ती हसली होती. "आई, फुकटची अंगाई आहे ही!"

अंगाई म्हणजे तिच्या संगणकाचा पंखा. घरी बसून ती टर्बाइनच्या नव्या इंजिनाचं सिम्युलेशन करायची. कॉम्प्रेसरने दाबलेली हवा झडपेतून आत घ्यायची आणि बांगडीसारख्या पोकळीत स्फोटाची लाट गरगर फिरवायची. जळता जळताच वायूचा दाब वाढतो, तेवढ्याच इंधनात काम जास्त. सगळं पडद्यावरच, पण गणित इतकं अवजड की संगणक तापायचा, पंखा घूंऽऽ करायचा आणि शेजारच्या पाळण्यात बाळ ढाराढूर.

आज बाळाचा डोळा लागतो न लागतो तोच ऑफिसातल्या सरांचा फोन. "तुझी आग उलटी कॉम्प्रेसरमध्ये घुसतेय! झडप उघडी ठेवलीस की काय? थांबव, दुरुस्त कर, पुन्हा चालव. संध्याकाळच्या बैठकीत हे दिसलं तर वरचे लोक प्रकल्प गुंडाळतील, आणि आपल्यालाही!"

तिने पाळण्याकडे पाहिलं. थांबवलं की पंखा गप्प, पंखा गप्प की बाळ उठून मांडीवर. मग दुरुस्ती कसली?

"आई, जरा तोंडाने घूंऽऽ करता?"

"मी? या वयात?"

"तुम्हीच म्हणाला होतात ना, सवय सुटत नाही!"

"म्हणजे बरोबर बोलल्याची शिक्षाही मलाच!" सासूबाईंनी खुर्ची ओढली आणि असं घूंऽऽ लावलं, की बाळाने कूसही बदलली नाही.

थोड्या वेळाने पुन्हा फोन केला, तेव्हा सर दचकले. "तुझा पंखा मध्येच खोकतोय का गं?"

"जुना झालाय, सर."

घूंऽऽ न थांबवता सासूबाईंनी डोळे वटारले.

झडप सुधारली, लाट सुरळीत धावू लागली, खऱ्या पंख्याने सूर उचलला. संध्याकाळी ती फोन घेऊन बाहेरच्या खोलीत ऑनलाइन बैठकीला बसली. सर आकृती दाखवत होते, माना डोलत होत्या. तेवढ्यात आतलं गणित संपलं. पंखा थांबला. तिने कान टवकारले.

"अगं, बंद का केलंस?" आतून सासूबाई करवादल्या. "आत्ता कुठे डोळा लागला होता माझा!"

आणि बाळ? हूं नाही की चूं नाही.

"बाळ झोपलंय ना, आई?" तिने माइक बंद करून विचारलं.

"झोपलंय गं!"

पण सासूबाई चष्म्याशिवाय बघतात. आणि इथे कॅमेरा चालू, उठायची सोय नाही. तुम्ही रिकामेच आहात, तर जरा आत डोकावता का? बाळाचं पोट वरखाली होतंय ना, एवढंच बघा. दार मात्र हळू लोटा.