सहा वेठबिगार आणि एक प्राध्यापक

"सर, फक्त दहा दिवस द्या! जागतिक विषमतेला आपल्या जिल्ह्यात तोंड दाखवायला जागा उरणार नाही!"

प्राध्यापक सोमनाथ आहेर यांनी नाशकात, प्राचार्यांच्या केबिनमध्ये, हे वाक्य असं काही फेकलं की प्राचार्यांच्या हातातला कप हिंदकळला. प्राचार्यांना विषमतेशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना कॉलेजच्या माहितीपत्रकावर 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द छापायचा होता. "नीट पार पाडा, विभागप्रमुख तुम्हीच," एवढं ते म्हणाले, आणि आहेर सर हवेत तरंगत बाहेर पडले.

नेदरलँड्सहून सहा विद्यार्थी आले. उंच, गोरे, हसतमुख, आणि पाठीवर प्रत्येकाच्या एवढी मोठी सॅक की त्यात आहेर सर आरामात मावले असते. येवल्याच्या अलीकडच्या एका गावात ते जिल्हा परिषदेच्या शाळेत हात धुण्याचं केंद्र बांधणार होते. गावाची ही गरज तिकडच्या विद्यापीठात आठ महिने आधीच, एका बैठकीत ठरली होती. गावाला कळवायचं तेवढं राहून गेलं होतं.

शाळेत हात धुण्याची तीन केंद्रं आधीच होती. एक कुठल्याशा कंपनीनं बांधलं होतं, एक कुठल्याशा मंडळानं. तिसरं कुणी बांधलं ते कुणालाच आठवत नव्हतं. तिन्हींत मिळून एक थेंब पाणी नव्हतं. एकात शेळी बसायची.

पहिल्या दिवशी सभा झाली. फेमके नावाच्या मुलीनं वही उघडून विचारलं, "तुमची सगळ्यात मोठी गरज कोणती?"

सरपंच पुंजाराम म्हणाले, "पाणी! चार दिसांआड येतं. त्याचं काय ते बघा."

दुभाषे अर्थातच आहेर सर. त्यांनी इंग्रजीत सांगितलं, "ते म्हणतात, हात धुण्याची त्यांना फार ओढ आहे."

सहाही जणांनी टाळ्या वाजवल्या. पुंजारामांना वाटलं, पाण्याचं काम झालं! त्यांनीही वाजवल्या.

दुसऱ्या दिवसापासून पोरं कामाला लागली. सकाळी सातपासून खड्डे खण, विटा वाहा, वाळू चाळ. दुपारपर्यंत सगळ्यांचे चेहरे भट्टीतल्या विटेसारखे लाल! आहेर सर कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसले आणि दर दहा मिनिटांनी फोटो काढून प्राचार्यांना पाठवू लागले. दमायचे बिचारे.

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या चांगुणाबाई हे तीन दिवस बघत होत्या. चौथ्या दिवशी त्यांना राहवेना.

"सर, ही लेकरं काय रोजानं आणली?"

"रोज कसला? फुकट राबतात!" सर अभिमानानं म्हणाले.

"फुकट? आन निजत्यात कुठं?"

"वर्गात, खाली सतरंजीवर. तक्रार म्हणून नाही!"

"मंग घरी का नाय जात?"

"जातील कशी? पासपोर्ट माझ्या कपाटात आहेत ना!" सर मोठ्यांदा हसले.

चांगुणाबाई हसल्या नाहीत. तेवढ्यात योरिस नावाचा पोरगा पाणी मागायला आला. त्यांनी मायेनं भाकरी दिली, वर ठेचा ठेवला. योरिसनं तो जॅमसारखा खाल्ला. पुढच्या क्षणी त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या, तोंडातून शब्द फुटेना, आणि त्यानं चांगुणाबाईंचा हात घट्ट धरला.

चांगुणाबाईंच्या काळजाचं पाणी झालं. आधीच्या कुठल्याशा प्रकल्पात शाळेच्या भिंतीवर 'अन्याय दिसला? गप्प बसू नका!' असं रंगवून खाली नंबर दिला होता. आजवर त्या नंबरावर गावातून कुणी फोन केला नव्हता. चांगुणाबाईंनी केला.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला तालुक्याहून जीप आली. वेठबिगारीच्या तक्रारी बघणारे गांगुर्डे साहेब आणि बरोबर दोन पोलीस.

"कोण राबवतं या पोरांना?"

गावानं एकमुखानं कडुनिंबाखालची खुर्ची दाखवली.

"साहेब, गैरसमज होतोय!" आहेर सर उठले. "मी भाषांतर करतो, तुम्ही त्यांनाच विचारा."

"आरोपीनं भाषांतर करायचं नाही!" साहेब गरजले आणि स्वतःच्या इंग्रजीला हात घातला. "यू वर्क?"

"येस!" सहा जण आनंदानं ओरडले.

"मनी?"

"नो, नो! वुई पे!"

साहेबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "म्हणजे राबायचे पैसे उलट यांच्याकडूनच घेता? वीस वर्षांच्या नोकरीत असा नमुना पाहिला नाही मी! पासपोर्ट?"

सहा बोटं सरांकडे वळली.

"गो होम?"

"नॉट बिफोर डे टेन!" फेमके शिस्तीत म्हणाली. "प्रोफेसर्स रूल!"

"अहो, ते विषमता कमी करायला आलेत!" सर केविलवाणे झाले.

"असं? ते विटा वाहतायत, तुम्ही सावलीत खुर्चीवर बसलाय. ही कमी झालेली समजायची का?"

सरांनी घाईनं खुर्ची उन्हात ओढली. समाजशास्त्रातल्या पीएचडीला एवढंच सुचलं.

पंचनामा झाला. सहा पोरांची 'सुटका' करून त्यांना जीपमध्ये बसवलं. त्यांना हा कार्यक्रमाचाच भाग वाटला. योरिसनं पोलिसांबरोबर सेल्फी काढला. आहेर सरांना मागच्या बाजूला, सुट्या टायरवर जागा मिळाली. फोन जप्त झालेला, त्यामुळे प्राचार्यांना या प्रवासाचे फोटो काही गेले नाहीत.

सरांच्या बायकोनं, उज्ज्वलाताईंनी, नाशिकहून पासपोर्ट आणले. प्राचार्यांनी तिकडच्या विद्यापीठाची पत्रं आणली. तोवर सर तालुक्याच्या ऑफिसात बाकड्यावर मान घालून बसले होते. पाण्यालाही कुणी विचारलं नाही. चांगुणाबाई मात्र पोरांसाठी भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन एसटीनं आल्या. सहा जणांना वाढून झाल्यावर एक भाकरी त्यांनी सरांपुढे धरली.

"खा सर. गुन्हा केला म्हून भूक थोडीच राहती?"

सरांनी खाल्ली. पोटात सकाळपासून काही नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं, आणि भाकरीवर ठेचा नव्हता.

संध्याकाळी उलगडा झाला. साहेबांनी सरांना सोडलं, पण संशयानंच. हात धुण्याचं चौथं केंद्र कमरेएवढं बांधून राहिलं. पाणी अजून चार दिसांआडच येतं. विभागप्रमुखपदाविषयी प्राचार्य पुन्हा काही बोलले नाहीत, आणि विचारायची सरांची छाती झाली नाही.

महिन्याभरानं नेदरलँड्सहून अहवाल आला. प्रकल्प कमालीचा यशस्वी! प्रमुख निष्पत्ती: वेठबिगारीतून सुटका. प्रत्यक्ष लाभार्थी: सहा. सोबत पत्र होतं, पुढच्या वर्षी अठरा विद्यार्थी यायला उत्सुक आहेत. फक्त विमानाची तिकिटं काढण्याआधी एक कळवावं.

सुटका कितव्या दिवशी असते?