कव्हराखालची मशीन

“ठिगळ लावायचं तर चिंधीतून काढ रे. धड सदऱ्याला कात्री लावलीस तर याद राख!” उस्तादांचा हा आवाज टेलरमास्तरांच्या कानात तीस वर्षं घुमत होता. एका सकाळी त्याच कानाला एका बँकेचा फोन लागला.

“काका, नव्या मशीनचे चाळीस हजार तुमच्या कार्डावर थकलेत ना? आमच्या कार्डावर आणा. सहा महिने व्याज शून्य. फी तेवढी तीन टक्के.”

मास्तर हरखले. मशीन वाचली! शिवाय ठिगळ बँकेच्या कापडाचं. आपला सदरा शाबूत.

सहा महिने सरले. दुसऱ्या कार्डाचं भोक तिसऱ्याने बुजवलं, तिसऱ्याचं चौथ्याने. पाचव्या बँकेने तर रक्कम थेट खात्यातच सोडली. खात्यातून कार्डावर, कार्डावरून खात्यात. मास्तरांनी जन्मात केला नाही एवढा प्रवास त्या चाळीस हजारांनी केला. वाटेत फी खाऊन चांगलं बाळसंही धरलं.

दर वेळी नवा अर्ज, नवे फोटो, अठरा सह्या. दुकानाला कुलूप. वकिलांच्या कोटाचं माप घेऊन ठेवलं होतं. मधल्या काळात वकील अंगाने सुटले, वाळले, पुन्हा सुटले.

“कामाला कधी बसणार?” बायको विचारायची.

“अगं, मशीन वाचवतोय ना!” मास्तर खेकसायचे. ती मशीनच्या कव्हरावरची धूळ झटकून आत जायची.

सातव्या बँकेने मास्तरांना ‘आदर्श ऋणको’ ठरवलं. प्रमाणपत्र आणि आठवं कार्ड घेऊन साहेब जातीने दुकानात आले.

“एकच रकाना राहिलाय. कर्ज ज्या वस्तूसाठी घेतलं, तिची सद्यःस्थिती?”

“उत्तम!” मास्तरांनी कोपऱ्यातल्या कव्हराकडे हात केला. “धुळीचा कण बसू दिला नाही.”

नियमानुसार साहेबांनी कव्हर उचललं. खाली लाकडी स्टूल होतं.

साहेबांनी रकान्यात ‘उत्तम’ लिहिलं, शिक्का मारला. मग दारापाशी जाऊन हळूच घरी फोन लावला. “अगं ऐक, आपल्या गाडीवरचं कव्हर जरा उचलून बघ.”

“मशीन?” मास्तर आतून आलेल्या बायकोकडे वळले.

बायकोने कव्हराची घडी घातली. “दुसऱ्या कार्डाच्या वेळीच विकली. घर कशावर चाललंय वाटलं तुम्हाला? म्हटलं, शिवायला बसाल तेव्हा सांगेन.”