आहेच कुठंतरी

आमच्या दारव्ह्यात पाठक सरांसमोर ‘संपलं’ म्हणायची सोय नाही. मागे माझ्या बायकोनं कुंपणापलीकडून सहज सांगितलं, “सर, गॅस संपला.” झालं! सर पिशवी खाली ठेवून उभे राहिले. “संपला नाही, सूनबाई. कार्बन डायऑक्साइड अन् वाफ होऊन गेला. आहेच कुठंतरी.” या ज्ञानावर वरण शिजलं नाही, हा भाग वेगळा.

नववीत त्यांनीच मला रसायन शिकवलं. फळ्यावर पाण्याचं समीकरण जुळवताना माझा एक ऑक्सिजन उरला. मी शहाणपणा करून तो पाण्याच्या सूत्रातच कोंबला, H₂O चं H₂O₂ झालं. सर गरजले, “पाहुण्यानं पाणी मागतलं, अन् तू त्याले जखम धुवायचं औषध पाजून राह्यला? पुढचा आकडा बदल, पोटातला नाही!”

त्यांना गप्प करणारी एकच व्यक्ती होती, त्यांची बायको, आमच्या काकू. “चहात साखर टाकली ना? आहेच कुठंतरी. मग अजून कायले मागता?”

काकू होळीच्या सुमारास गेल्या. तेव्हापासून सरांच्या खिडक्या बंद. मे महिन्यात गल्लीभर कूलर घरघरत होते आणि सर बंद घरात बनियनवर घाम पुसत बसलेले. पुण्याहून त्यांच्या मुलीचा मला रोज फोन, “दादा, बाबांना काहीतरी होईल हो. कूलर लावून द्या.” परवा ते चक्कर येऊन पडले, तेव्हा मी पाना घेऊन गेलोच.

“आधी दार लाव,” सर म्हणाले.

“सर, काहून असा हट्ट करता?”

“इसरला? समीकरणात दोन्हीकडचं वजन सारखं भरते, पण भांडं बंद असलं तरच. उघड्यातून वायू निघून जाते.” त्यांनी स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. “तिथं अजून तिचा वास आहे. मसाल्याचा, खोबरेल तेलाचा. कूलर लावला की सगळी हवा बाहेर.”

मला फक्त कोंदट वास येत होता. ते सांगायचा धीर मला झाला नाही. एवढंच म्हणालो, “सर, ताई तिकडे रडते.”

सर उठले. मग स्वयंपाकघरात गेले आणि आतून कडी लावली. मोठमोठ्यानं श्वास ओढल्याचा आवाज येत राहिला. मी पाना धरून बाहेर उभा होतो, आणि मला रडू आवरेना.

दार उघडलं. सर छाती भरून, ओठ घट्ट मिटून उभे होते. त्यांनी हातानंच खूण केली, उघड.

मी खिडक्या उघडल्या, कूलर बसवायला घेतला. सरांनी अजून श्वास सोडला नव्हता.