खोक्यासकट वजन

फ्रिजच्या दारावर सुनेने चिकटवलेला कागद सासूबाईंनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि त्या कामाला लागल्या. कागद दाराच्या अगदी वरच्या टोकाला होता, कारण त्याखालची प्रत्येक जागा कडेवरच्या बाळाच्या टप्प्यात होती आणि आठ महिन्यांच्या बाळाला कागद फार आवडत, खायला.

सून एका लायब्ररीचं काम बघायची. पुस्तकांच्या लायब्ररीचं नव्हे. कॉम्प्युटर एकमेकांना निरोपाची पाकिटं धाडतात, ती उघडून वाचणाऱ्या प्रोग्रामचं; अशा प्रोग्रामलाही लायब्ररीच म्हणतात. तो कुणीही फुकट वापरावा, कुणीही सुधारावा. बाळंतपणानंतरची तिची पहिलीच मीटिंग आज चारला होती. सुधारणांचा आराखडा पास झाला तर काम तिच्याकडे राहणार, नाहीतर दुसऱ्याकडे जाणार. म्हणून येताजाता पाठ व्हावेत असे दोन मुद्दे तिने लिहून लावले होते:

अर्धवट पाकिटं फेकून द्यावीत.

लेबलवरचं माप आणि खरं माप जुळत नसेल, तर पाकीट परत पाठवावं.

पावणेचारला तिने दुधाच्या पावडरीसाठी फडताळ उघडलं. बाळ पिऊन झोपलं, तरच मीटिंग सुखाची.

"आई, चिमटा लावलेलं पाकीट कुठंय?"

"अर्धवट होतं ना? गेलं सकाळच्या कचऱ्यात."

"कचऱ्यात?"

"तूच लिहिलंयस की! उद्या म्हणशील, सासू ऐकत नाही."

"बरं, नवीन आज येणार होतं..."

"आलं होतं. परत पाठवलं. लेबलवर एक किलो, काट्यावर एक किलो शंभर! कुरिअरवाला हुज्जत घालत होता. म्हटलं, बाबा रे, घरचा नियम आहे."

बाळाने सूर लावला. चार वाजले. सून बाळाला मांडीवर घेऊनच लॅपटॉपसमोर बसली. गटप्रमुख आणि दोघे सहकारी पडद्यावर आले. पहिला मुद्दा तिने रडण्याच्या वर आवाज चढवत उरकला. दुसरा सांगून होतोय तोच सासूबाई केळं कुस्करत आत आल्या.

"अगं, तो म्हणत होता, जास्तीचं वजन खोक्याचं. मग खोकं धरून मोजायचं की सोडून, हे लिहायला नको? माणसाने समजायचं काय?"

माईक चालू होता. सुनेचे कान तापले.

"कोण बोललं?" गटप्रमुखांनी विचारलं.

"सासूबाई. माफ करा, मी आत्ता..."

"थांबा, थांबा. आपण वरचं वेष्टण धरून मोजतो की सोडून?"

"धरून," एक सहकारी म्हणाला. "सोडून," दुसरा त्याच क्षणी म्हणाला.

"म्हणजे चाचणीत चार महिने धडधाकट पाकिटं परत जातायत, ती यामुळे!" गटप्रमुख म्हणाले. "लिहा हो, तिसरा मुद्दा: वेष्टण सोडून मोजावं."

दहा मिनिटांत आराखडा पास झाला. बाळ तोंडभर केळं माखून झोपलं.

संध्याकाळी कुरिअरवाला पुन्हा आला आणि दारापासून चार हात लांबच उभा राहिला. सासूबाईंनी खोकं फोडलं, नुसती पावडर काट्यावर ठेवली. बरोबर एक किलो. मग कुठे सही केली.

सुनेने फ्रिजवरच्या कागदाला हात घातला.

"राहू दे तिथेच," सासूबाई म्हणाल्या. "आणि तिसरं कलम लिही खाली. माझं आहे ते."